वाचनालयाच्या सर्व्हरला यूपीएस बसवताना : मे ते सप्टेंबर २०२४

आमचं वाचनालय राजापूर तालुक्यातल्या एका गावात आहे. पुस्तकं साडेआठ हजारांच्या आसपास. गेली दोन वर्षं आम्ही दाखल नोंदवही संगणकावर चढवतोय. त्यासाठी 'कोहा' ही फुकट मिळणारी ग्रंथालय प्रणाली घेतली आणि ती एका जुन्या, सेकंडहँड डेस्कटॉपवर बसवली. त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो. दुसरा संगणक देवघेवीच्या टेबलावर असतो. दोन्हींवर विंडोजऐवजी उबुंटू आहे.

२ मेच्या संध्याकाळी लाइट पाठोपाठ तीन वेळा गेली आणि आली. तिसऱ्यांदा आल्यावर सर्व्हर चालू झाला, पण डेटाबेस उघडेना. बॅकअप शोधायला गेलो तर शेवटचा २३ एप्रिलचा निघाला. बॅकअपची वेळ मी पहाटे दोनची लावली होती, आणि ग्रंथपाल ताई संध्याकाळी सातला मशीन बंद करून घरी जातात. म्हणजे दोन वाजता बॅकअप घ्यायला मशीन चालूच नसायचं. २३ तारखेला ते चुकून रात्रभर चालू राहिलं होतं, म्हणून तेवढा तरी हाती लागला. नऊ दिवसांत कॉलेजच्या दोन मुलींनी सुट्टीत येऊन ३१२ पुस्तकं चढवली होती, ती सगळी गेली. त्या मुलींना हे सांगताना मला फार वाईट वाटलं. त्या काही न बोलता पुन्हा पहिल्या पुस्तकापासून बसल्या.

त्यानंतर यूपीएस, म्हणजे लाइट गेली की क्षणात बॅटरीवरून वीज देणारा डबा, बसवायचं काम हातात घेतलं. गावोगावी अशी वाचनालयं आहेत, शाळांच्या संगणक खोल्या आहेत, तिथे कुणाला तरी उपयोग होईल म्हणून जे झालं ते तसंच लिहून ठेवतोय.

५ मे

आधी बॅकअप दुरुस्त केला. आता मशीन चालू झाल्यावर एकदा आणि दुपारी दीडला एकदा, असा दिवसातून दोनदा निघतो. दुपारचा पेनड्राइव्हवर जातो आणि पेनड्राइव्ह ताईंच्या कपाटात.

मग वॅटमीटर आणला, ८५० रुपये. प्लग आणि बोर्डाच्या मध्ये लावायचा असतो. अंदाजाने यूपीएस घेण्यापेक्षा एक दिवस मोजण्यात घालवावा हे बरं. आकडे असे आले: सर्व्हर नुसता चालू असताना ३८ वॅट, काम करताना ६५ पर्यंत. काउंटरचा संगणक ५२, त्याचा मॉनिटर १८. राउटर, फायबरचा डबा आणि नेटवर्क स्विच मिळून २०. सगळं मिळून दीडशे वॅटच्या आसपास.

लेझर प्रिंटर नुसता बसला असताना ७ वॅट दाखवत होता. छपाईची आज्ञा दिल्याबरोबर आकडा ९४० वर गेला, कारण आतला रोलर तापवावा लागतो. प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही, हे तिथेच ठरलं.

८ मे

समितीतल्या काकांचं म्हणणं, वेगळा यूपीएस कशाला, इन्व्हर्टर आहे की. ते बरोबरच होतं. मुंबईकर मंडळींनी दोन वर्षांपूर्वी पंखे-ट्यूबसाठी इन्व्हर्टर दिलाय, १५० ॲम्पिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आहे. म्हणून आधी तेच करून पाहिलं. डेटाबेस बंद ठेवून सर्व्हर इन्व्हर्टरच्या लाइनवर लावला आणि मेन स्विच पाडला. पंखा एक क्षण मंदावून पुन्हा फिरू लागला, सर्व्हर मात्र रीस्टार्ट झाला.

इन्व्हर्टरच्या मागे एक बारीक खटका असतो, एका बाजूला 'इको', दुसऱ्या बाजूला 'यूपीएस'. आमचा 'इको'वर होता. 'यूपीएस'वर केला की इन्व्हर्टर बॅटरीवर लवकर उडी मारतो. दहा वेळा मेन पाडून पाहिला, आठ वेळा सर्व्हर टिकला, दोनदा पडला. दहात दोन हे प्रमाण डेटाबेससाठी चालणारं नाही. शिवाय हा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, म्हणजे त्याची वीज मेनसारख्या गुळगुळीत लाटेची (साइन वेव्हची) नसते, चौकोनी टप्प्यांची असते. काकांना हे दोन रीस्टार्ट समोर दाखवले आणि त्यांनी पैसे मंजूर केले.

११ मे

रत्नागिरीहून यूपीएस आणला. १००० व्हीए, लाइन इंटरॅक्टिव्ह (लाइनचे व्होल्ट कमी-जास्त झाले तर स्वतः सावरणारा), मागे यूएसबीचं भोक. ५,८०० रुपये. डब्यावर मोठ्या अक्षरात १००० असतं, पण खाली बारीक अक्षरात ६०० वॅट लिहिलेलं असतं. आपल्या कामाचा आकडा तो ६००. आत १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या आहेत, म्हणजे २४ व्होल्ट.

दुकानदार म्हणाला दोन तास चालेल. घरी येईपर्यंत मी हिशोब केला. ७ ॲम्पिअर-अवर ही क्षमता वीस तासांत हळूहळू वापरली तर मिळते, म्हणजे सतत ०.३५ ॲम्पिअरने. आपल्या दीडशे वॅटला २४ व्होल्टवर, यूपीएसमधला तोटा धरून, सात-साडेसात ॲम्पिअर ओढावे लागतात. एवढ्या जोराने ओढलं तर बॅटरी निम्म्याहून थोडं जास्त देते. हिशोबाने अर्धा तास निघत होता.

यूपीएस रात्रभर नुसता चार्जिंगला लावून ठेवला, त्यावर काही जोडलं नाही.

१३ मे

सकाळी मशीनं यूपीएसवर जोडली. सर्व्हर चालू केला आणि केबल नीट बसवायला कॅबिनेटला हात लावला तर बोटांना मुंग्या आल्या. चप्पल काढून पुन्हा हलकेच लावून पाहिला, चांगलं जाणवलं. तो प्रयोग करायला नको होता. मल्टिमीटर हाताशी असताना हाताने तपासायची गरज नव्हती.

मल्टिमीटरने सॉकेट तपासलं. फेज-न्यूट्रल २२८. फेज-अर्थ ११९. न्यूट्रल-अर्थ १०८. अर्थिंग नीट असेल तर हा शेवटचा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. अर्थची तार कुठेच पोहोचत नसेल तर संगणकाच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर साधारण अर्धा दाब (व्होल्ट) येऊन बसतो. आमच्याकडे नेमकं तेच चाललं होतं, आणि गेली दोन वर्षं ताई त्या टेबलाशी बसत होत्या.

शिवाय फेज डाव्या बाजूला. समोरून पाहताना अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे असायला हवा. उलटं असेल तर खटका बंद केल्यावरही आत फेज राहतो.

सगळं बंद केलं, प्लग काढून ठेवले. गावातल्या वायरिंगवाल्या अण्णांना निरोप धाडला.

१५ ते १७ मे

या तीन दिवसांत यूपीएसला हातही लावला नाही, तरी सगळ्या कामातले महत्त्वाचे दिवस हेच होते.

अण्णांनी बोर्ड उघडून अर्थची हिरवी तार मीटरपर्यंत माग काढत नेली. मीटरच्या पेटीतून ती बाहेर भिंतीवर उतरून जमिनीत जात होती. तिथे पाइपाला बांधलेली पट्टी गंजून तिचा भुगा झाला होता, तार नुसती मातीत टेकलेली. अण्णांनी ती बोटाने उचलून दाखवली. "ही बघा तुमची अर्थिंग."

आमच्याकडे सगळा जांभा. पावसात पाणी पितो आणि मे महिन्यात विटेसारखा कोरडा पडतो. कोरड्या जांभ्यात पाइप ठोकून काही उपयोग नाही, म्हणून अण्णांनी जागा बदलली. पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो जिथे पडतो आणि अळू उगवलंय, तिथे खड्डा घेतला. पहारीने दोन माणसं दीड दिवस खणत होती. अडीच मीटर लांब, ३८ मिलिमीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा सोडला आणि भोवती कोळसा आणि मिठाचे थर आलटून पालटून भरले. वर पाणी ओतायला नरसाळ्याचं तोंड ठेवलं. मिठाने पाइप लवकर गंजतो, पण मिठाशिवाय इथे उन्हाळ्यात निभत नाही, असा अण्णांचा तीस वर्षांचा अनुभव. सामान आणि मजुरी मिळून ४,७०० रुपये.

जोडणी झाल्यावर न्यूट्रल-अर्थ २.१ व्होल्ट. मला वाटलं झालं काम. अण्णा म्हणाले, नुसत्या मीटरवर जाऊ नका, भार टाकून बघायचं. त्यांनी शंभर वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावला. बल्ब चांगला पेटला, पण फेज-अर्थचा दाब २२९ वरून २२१ वर उतरला. आठ व्होल्टची घट, बल्बचा प्रवाह ०.४३ ॲम्पिअर, म्हणजे पूर्ण वळशाचा रोध साधारण १८ ओहम. (ही चाचणी जाणत्या माणसानेच करावी. अर्थ खराब असेल तर तेवढा वेळ घरातल्या सगळ्या पत्र्यांवर फेज येतो. अण्णांनी आधी सगळ्यांना बाहेर उभं केलं होतं.)

१८ ओहम ऐकायला कमी वाटतात. पण एखाद्या मशीनमध्ये फेज पत्र्याला लागला तर या अर्थमधून २३० भागिले १८, म्हणजे १३ ॲम्पिअरसुद्धा जाणार नाहीत. बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा खटका, १६ ॲम्पिअरचा. तो पडणारच नाही आणि पत्र्यावर फेज तसाच राहील. म्हणून ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे थोडी गळती झाली तरी पडणारा खटका, घेतला, १,९०० रुपये. हा खर्च मी धरला नव्हता. तो बसला आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर खट्कन पडला तेव्हा मला बरं वाटलं.

सॉकेटही सरळ करून घेतलं. कॅबिनेटला आता काही लागत नाही.

२० मे

यूएसबी केबल सर्व्हरला जोडली. लाइट गेल्याचं सर्व्हरला कळण्यासाठी 'नेटवर्क यूपीएस टूल्स' बसवलं, त्याला सगळे 'नट' म्हणतात. यूएसबीच्या यादीत यूपीएस स्वतःच्या नावाने दिसत नाही, ०६६५:५१६१ असा क्रमांक दिसतो. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त यूपीएसमध्ये हीच चिप असते. त्यासाठी 'नटडीआरव्ही क्यूएक्स' हा ड्रायव्हर चालतो.

पहिल्या संध्याकाळी ड्रायव्हर सुरूच होईना, परवानगी नाही म्हणत होता. यूएसबीचे नियम पुन्हा वाचायला लावून केबल काढून परत घातल्यावर चालला. दुसऱ्या संध्याकाळपासून दर दोन-तीन तासांनी 'डेटा शिळा झाला' असा संदेश यायला लागला. मी सेटिंगमध्ये शोधत बसलो, दोन संध्याकाळी तशाच गेल्या. शेवटी दोष केबलचा निघाला. डब्यातली केबल पोहोचत नव्हती म्हणून मी घरातली तीन मीटरची लावली होती, आणि ती पॉवरच्या वायरींबरोबर एकाच पट्टीत बांधली होती. दीड मीटरची चांगली केबल आणली, १८० रुपये, मागच्या भोकात लावली, वेगळ्या वाटेने नेली. त्यानंतर संदेश नाही.

२५ मे

पहिली खरी चाचणी. वाचनालय बंद, डेटाबेसचा बॅकअप हातात.

एक गोष्ट सांगून ठेवतो. चाचणीसाठी यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटायचा नाही. प्लग उपटला की अर्थही तुटतो आणि सगळी मशीनं अर्थशिवाय बॅटरीवर चालत राहतात. बोर्डाचा खटका बंद करायचा. तो फक्त फेज तोडतो, अर्थ जागेवर राहतो.

वहीत लिहिलेलं तसंच उतरवतो. खटका बंद करण्याआधी बॅटरी २७.२ व्होल्ट, १०० टक्के. बंद केल्यावर दहा सेकंदांत २४.६ व्होल्ट, ७३ टक्के. मी घाबरलो. पण त्यानंतर वीस मिनिटं आकडा जेमतेम हलला. ही टक्केवारी यूपीएस सांगत नाही, नट व्होल्टवरून अंदाज करतं: २६ म्हणजे भरलेली, २०.८ म्हणजे रिकामी. भार पडला की व्होल्ट एकदम बसतात, म्हणून टक्केही बसतात. २४ व्या मिनिटाला २२.३. २६ व्या मिनिटाला २१.४. मग यूपीएस जोरात ओरडायला लागला, 'बॅटरी कमी' हा संदेश आला, सर्व्हर बंद व्हायला लागला आणि चाळीस सेकंदांत सगळं काळं. सर्व्हरचं बंद होणं अर्ध्यातच राहिलं.

एकूण २६ मिनिटं ५० सेकंद. हिशोबाच्या जवळ, दुकानदाराच्या दोन तासांपासून लांब.

म्हणजे एवढा खर्च करूनही डेटाबेस पुन्हा तसाच मध्येच तुटला होता. नशिबाने तो या वेळी उघडला.

२६ मे ते २ जून

दोन गोष्टी शोधल्या. पहिली, सर्व्हरला बंद व्हायला दोन मिनिटं दहा सेकंद का लागतात. त्यातली दीड मिनिटं तो एका नेटवर्क फोल्डरची वाट बघत होता. जी सेवा थांबत नाही तिची उबुंटू ९० सेकंद वाट बघतं. काउंटरच्या संगणकावरचा तो फोल्डर मी कधीतरी फोटो हलवायला जोडला होता आणि विसरलो होतो. तो काढला. आता ३५ सेकंद लागतात.

दुसरी, 'बॅटरी कमी'च्या संदेशावर विसंबायचं नाही. त्याऐवजी लाइट गेल्यापासून ठरावीक मिनिटांनी बंद करायचं. किती मिनिटांनी, हे ठरवायला ताईंना आठवडाभर वहीत लाइट गेल्या-आल्याच्या वेळा लिहायला सांगितलं. त्यांनी मिनिटागणिक लिहिलं. आठ दिवसांत १७ वेळा. त्यातल्या १२ वेळा दोन मिनिटांच्या आत परत आली. चार वेळा पाऊण तासाहून जास्त. मधलं एकदाच, अकरा मिनिटं. म्हणजे चार मिनिटांत आली नाही तर ती लवकर येत नाही. मी चार मिनिटं धरली. तुमच्या गावचं गणित वेगळं असेल, आठवडाभर वही ठेवूनच ठरवा.

३ जून

टायमर लावला आणि तो तीन वेगवेगळ्या कारणांनी फसला. प्रत्येक कारण लिहितो, कारण प्रत्येकात एक संध्याकाळ गेली.

एक. टायमर सुरूच झाला नाही. नटच्या सेटिंगमध्ये 'बॅटरीवर गेला' आणि 'लाइट आली' या दोन्ही घटनांपुढे 'एक्झेक' हा शब्द लिहावा लागतो. मी फक्त संदेश दाखवण्याचा शब्द लिहिला होता.

दोन. टायमर चालला, सर्व्हर नीट बंद झाला, पण मी खटका परत चालू केल्यावर सर्व्हर बंदच राहिला. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, 'वीज परत आल्यावर चालू हो' लावलं होतं. पण सर्व्हरच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती, यूपीएस त्याला देतच होता. यासाठी सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसने स्वतःचं आउटपुट तोडायला हवं. नटमध्ये ती सोय आहे. मात्र माझ्या स्क्रिप्टमध्ये मी थेट शटडाउनची आज्ञा लिहिली होती. ती द्यायची नसते. नटलाच 'एफएसडी' (सक्तीने बंद करा) सांगायचं असतं. मग ते जोडलेल्या इतर संगणकांना आधी कळवतं, खुणेची फाइल ठेवतं आणि शेवटी यूपीएसला आउटपुट तोडायला सांगतं. एक ओळ बदलली. आता सर्व्हर बंद झाल्यावर तीस सेकंदांनी यूपीएस आउटपुट तोडतो, आणि लाइट आली की परत देतो.

तीन. काउंटरचा संगणक दुय्यम म्हणून जोडला होता, त्याला सर्व्हरकडून नेटवर्कवरून निरोप जायचा. निरोप गेलाच नाही. नेटवर्क स्विच मी प्रिंटरच्या बोर्डावर लावला होता! लाइट गेली की पहिला तोच बंद. जेमतेम पाच वॅटचा डबा, तो यूपीएसवर घेतला.

रात्री साडेनऊला तिन्ही गोष्टी दुरुस्त करून चौथी चाचणी घेतली. खटका बंद, चार मिनिटं, काउंटर बंद, सर्व्हर बंद, यूपीएस टक् करून गप्प. खटका चालू. दोन्ही मशीनं आपोआप उठली. ताई तोपर्यंत थांबल्या होत्या, त्यांना घरी सोडून आलो.

९ जून

पाऊस सुरू झाला आणि पहिल्याच मोठ्या अंधारात वेगळंच घडलं. लाइट गेली, इन्व्हर्टरने पंखे-ट्यूब उचलले, आणि यूपीएस मात्र बॅटरीवरच ओरडत राहिला. त्याच्या बोर्डात इन्व्हर्टरची वीज येत होती, तरी तो ती घेईना. चार मिनिटांनी सर्व्हर बंद झाला आणि काका विचारायला लागले, ट्यूब लागली आहे, मशीन का बंद?

संगणकाचा बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चाचण्या सगळ्या बोर्डाच्या खटक्याने घेतल्या होत्या, त्यात इन्व्हर्टर आलाच नाही. आणि स्क्वेअर वेव्हची वीज या यूपीएसला चालत नाही, त्याला ती खराब वीज वाटते. एकदा मेन स्विच पाडून चाचणी घेतली असती तर हे मे महिन्यातच कळलं असतं.

अण्णांनी मीटरपासून संगणकासाठी वेगळी लाइन ओढली, आरसीसीबी तिच्यावर हलवला. १,३५० रुपये. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असता तर यूपीएसने त्याची वीज घेतली असती आणि मशीनं तासन्‌तास चालली असती, पण तेवढे पैसे नाहीत. लाइट नसेल तेव्हा ताई पुस्तकं कागदी वहीत देतात आणि नंतर चढवतात. वाचक कुणी परत जात नाही.

२२ जून

बल्बची चाचणी पुन्हा, आरसीसीबीच्या आधीच्या फेजवरून. २२६ वरून २२२. म्हणजे ९ ओहम. पावसाने निम्मा रोध कमी केला. एप्रिल-मेमध्ये दर रविवारी त्या नरसाळ्यात दोन बादल्या पाणी घालायचं, असं ताईंच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

यूपीएस संध्याकाळी टक्-टक् करतो, ते बिघाड नव्हे. लाइन डिम झाली की तो आतल्या ट्रान्सफॉर्मरने दाब उचलतो. नटच्या नोंदीत एकदा १७४ व्होल्ट दिसले, एकदा २५४.

१३ जुलै

दिवसात नऊ वेळा लाइट गेली. प्रत्येक वेळी मशीन चार मिनिटं बॅटरीवर चालतं, बंद होतं, लाइट आली की उठतं, पुन्हा तेच. रिकामी बॅटरी पूर्ण भरायला सहा-आठ तास लागतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत ती थोडी थोडी खाली जात राहिली. सहाव्या फेरीला चार मिनिटं व्हायच्या आत यूपीएसने मान टाकली. डेटाबेस वाचला, पण वाचला एवढंच.

उपाय: मशीन उठलं तरी डेटाबेस लगेच उठवायचा नाही. सलग दहा मिनिटं लाइट टिकली आणि बॅटरी २६.५ व्होल्टच्या वर असेल तरच डेटाबेस सुरू होतो. तोपर्यंत वीज तुटली तरी तुटण्यासारखं काही उघडं नसतं. ताईंना दहा मिनिटं थांबावं लागतं, त्यांची हरकत नाही.

२४ ऑगस्ट

तीन महिने झाले म्हणून पुन्हा खटका बंद करून वेळ मोजली. १५ मिनिटं. मेमध्ये सत्तावीस होती.

यूपीएस बंद करून, प्लग काढून, हातातली अंगठी-घड्याळ काढून उघडला. दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून रात्रभर ठेवल्या. सकाळी एक १२.८, दुसरी १२.३. गाडीच्या हेडलाइटचा बल्ब लावून पाच मिनिटं पाहिलं: पहिली ११.९ वर टिकली, दुसरी १०.६ वर आली. बॅटरीवर उत्पादनाचा महिना छापलेला असतो. आमच्या दोन्ही मार्च २०२३ च्या. म्हणजे यूपीएस 'नवा' घेतला तेव्हाच बॅटऱ्या चौदा महिन्यांच्या होत्या, बहुतेक चार्ज न करता पडून राहिलेल्या. दुकानात डबा उघडून हा महिना बघायला हवा होता. तो कुठे बघायचा हे मला माहीत नव्हतं, आता तुम्हाला माहीत आहे.

दुकानदार वॉरंटीत एकच बदलून देतो म्हणाला. एक नवी आणि एक जुनी एकापुढे एक जोडली की जुनी आधी रिकामी होते, चार्जिंगला नवीवर जास्त दाब येतो आणि दोन्ही लवकर जातात. म्हणून दुसरी विकत घेतली, १,०५० रुपये. जुन्या दोन्ही त्याच्याकडेच परत दिल्या. शिसं आहे ते, भंगारात किंवा उकिरड्यावर टाकायचं नाही.

त्याने आधी ९ ॲम्पिअर-अवरच्या काढल्या होत्या. आकार तोच, पण त्यांच्या पट्ट्या ६.३ मिलिमीटर रुंद, आमच्या वायरीचे कनेक्टर ४.८ चे. पक्कडीने ताणून बसवा म्हणाला. सैल कनेक्टर तापतो, म्हणून ७ च्याच घेतल्या. पण त्या मागवाव्या लागल्या, आणि मध्ये गणपती. ७ सप्टेंबरला चतुर्थी, त्याच्या आधी आठ दिवस आणि नंतर दहा दिवस इथे कुणाकडून कामाची अपेक्षा ठेवू नये. तेवढे दिवस टायमर दोन मिनिटांवर आणून ठेवला.

१९ सप्टेंबर

नव्या बॅटऱ्या बसवल्या, या वर्षी जुलैच्या. शेवटचा कनेक्टर जोडताना बारीक ठिणगी पडते, ती पडणारच. रात्रभर चार्जिंग. दुसऱ्या दिवशी मोजलं: २९ मिनिटं. काउंटर बंद ठेवून नुसता सर्व्हर, राउटर आणि स्विच चालवला तर सव्वा तास. टायमर परत चार मिनिटांवर.

एकूण खर्च: वॅटमीटर ८५०, यूपीएस ५,८००, अर्थिंग ४,७००, आरसीसीबी १,९००, वेगळी लाइन १,३५०, केबल १८०, बॅटरी १,०५०. बेरीज १५,८३० रुपये. मंजूर झाले होते सात हजार. उरलेल्यासाठी समितीने गणपतीत आलेल्या मुंबईकरांपुढे ही वही ठेवली, आणि अर्थिंगच्या पानावरच निम्मी रक्कम जमली.

२७ सप्टेंबर

काल संध्याकाळी गडगडाट होता. ताई रोज सातला जाताना सगळे प्लग काढतात, पण काल त्याआधीच, दोन्ही मुली शेवटची पेटी चढवत बसल्या असताना आणि मशीन चालू असताना, हे झालं. ६ वाजून ४१ मिनिटांनी लाइट गेली. नटची नोंद आज सकाळी वाचली: ६:४१ बॅटरीवर. ६:४५ बंद करण्याचा निरोप. ६:४५ काउंटर गेला. ६:४६ सर्व्हर बंद. मुलींनी अंधारात मोबाइलच्या उजेडात पुस्तकं पेटीत भरली, प्लग काढले आणि गेल्या.

आज सकाळी प्लग लावले, दहा मिनिटं थांबलो. मोठीने काल शेवटी चढवलेला दाखल क्रमांक हातावर पेनाने लिहून नेला होता, ७,८४६. तिने तो शोधला. पुस्तक होतं, लेखकाच्या नावासकट. मग ७,८४७ चढवायला बसली.